ओल्या दोरीचे आकडे

दोरीवाले आजोबा रोज सकाळी तलावाची खोली मोजायचे आणि आकडा कोणाला म्हणून सांगायचे नाहीत. जपानमध्ये ओत्सुला बिवा तलावाच्या काठी त्यांचं घर होतं. वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायचे. घरामागच्या लाकडी धक्क्यावरून ते दोरी सोडत. टोकाला शिशाचं वजन, खोलीच्या खुणा म्हणून ठरावीक अंतरावर चामड्याच्या आणि कापडाच्या पट्ट्या. नव्वदी ओलांडलेली, पण कंबर ताठ. मोजून झालं की दोरी कठड्यावर वाळत घालायचे आणि म्हणायचे, "साठे-सान, तळ अजून जागेवर आहे." एवढाच अहवाल.

हा नेम ईशान्येतल्या मोठ्या भूकंपानंतरचा. आमच्याकडे नुसते दिवे हलले होते. पण त्सुनामीने घरांच्या छपरांवर चढवलेल्या होड्या आजोबांनी टीव्हीवर पाहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी माळ्यावरची दोरी खाली आली. "जमीन हलली की जुन्या नकाशांवर विसंबू नये," म्हणाले. तरुणपणी ते नौदलात अधिकारी होते, पण सगळं युद्ध काढलं ते चीनमधल्या एका मोठ्या तलावावर. "म्हणजे खाऱ्या पाण्याशिवायच नौदल केलंत!" अशी मी थट्टा करायचे. तेही हसायचे.

मी पुण्याची, तळातल्या गाळावर संशोधन करणारी. त्यामुळे आमचं जमलं. वजनाच्या बुडाला खळगा होता. त्यात ते चरबी भरत, आणि वजन टेकलं की तिला गाळ चिकटून वर येई. तो ते स्वतः हुंगायचे, मग माझ्या नाकाखाली धरायचे. डोळे मिटून, नुसत्या बोटांनी पट्ट्या कशा ओळखायच्या, हेही त्यांनीच मला शिकवलं. मात्र मी आकडा विचारला की "कोणासाठी?" म्हणायचे आणि चहा टाकायला उठायचे.

त्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेचं खोली मोजायचं यंत्र ईशान्येच्या उद्ध्वस्त किनाऱ्यावर पाठवलं गेलं. माझ्या नोंदींत मोठं भगदाड पडलं, आणि त्या नोंदींवरच माझं पुढचं कॉन्ट्रॅक्ट अवलंबून होतं. इकडे कठड्यावर दोरी रोज वाळत असायची. ती कुठवर ओली आहे, एवढंच तर पाहायचं होतं! मी रोज पाहिलं, रोज लिहून ठेवलं. चोरी वगैरे मनातही आलं नाही. उलट लेखाच्या मसुद्यात त्यांचे नावानिशी आभार मानले आणि तो मसुदा नि बेसनाचे लाडू घेऊन मोठ्या हौसेने खाली गेले.

इंग्रजी त्यांना बेताचंच यायचं, पण आकडे ते आकडेच. त्यांनी भिंग धरून एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. लाडवांना हात लावला नाही. मग म्हणाले, "बसा."

त्या चिनी तलावात त्यांची होडी गाळात रुतत होती. एका म्हाताऱ्या कोळ्याने पाहिलं आणि इकडून जा, इथे बारमाही पाणी असतं, असं खुणेने दाखवलं. वर आपल्या जेवणातला मासा दिला. आजोबांनी ती वाट मोजली आणि नकाशात भरली. आठवड्याभराने त्याच वाटेने तोफांच्या बोटी लव्हाळ्यांआडच्या त्याच्या गावापर्यंत पोहोचल्या.

"पहिल्या बोटीवर मीच होतो. खोली ओरडून सांगत होतो. माझे आकडे बरोबर होते, साठे-सान. एकही चुकला नाही."

गावाचं काय झालं ते विचारायचा मला धीर झाला नाही.

"त्याने वाट दाखवली ती माझी होडी रुतू नये म्हणून," ते म्हणाले. "बोटींसाठी नाही."

दुसऱ्या दिवसापासून कठडा रिकामा. मी माफी मागायला गेले, तर उलट तेच माझ्यासमोर वाकले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'आकडे काढून टाका' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर माझी सुटका झाली असती.

मी त्यांचं नाव काढलं. आकडे ठेवले. कॉन्ट्रॅक्ट मिळालं.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. नागोयाहून आलेली त्यांची मुलगी घर आवरत होती. शिसं कुठल्या कचऱ्यात टाकायचं म्हणून ती विचारेल, असं मला वाटलं. तिने दोरीची गुंडाळी माझ्या हातात ठेवली. "बाबांनी ही तुम्हाला द्यायला सांगितलं होतं."

खोलीत येऊन मी डोळे मिटले आणि त्यांनी शिकवल्याप्रमाणे दोरीवरून बोटं फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळ्या पट्ट्या कापून टाकलेल्या होत्या.

माझा तो लेख लोक अजून वाचतात. त्यातले आकडे बरोबर आहेत. एकही चुकलेला नाही.