कार्मेनमाईचे सात थांबे

अनानियास तिबादुइसाच्या छातीत एकतीस वर्षांचा कोळसा होता आणि डोक्यात त्याहून जुनी मिजास. सोळा जुलैला खाणीच्या तोंडापासून डोंगरावरच्या देवळापर्यंत खाणवाल्यांना सांभाळणाऱ्या कार्मेनमाईची पालखी चढते. तिचा पुढचा उजवा दांडा याच्या खांद्यावर. तो दांडा म्हणजे आमच्याकडची पाटीलकीच म्हणा.

चार वर्षांमागं झऱ्यापाशी त्याचा दम उखडला. पण कबूल करील तो अनानियास कसला! पालखी टेकवली आणि मागं वळून म्हणाला, "थांबा रं, माईला बटाट्याची रानं बघायचीत."

बायका गहिवरल्या. दुसऱ्या साली माईला मागच्या दांड्यावरच्या मिसाएलची गाय बघावीशी वाटली. तिसऱ्या साली कुणाचं नवं पत्र्याचं छप्पर. असं करता करता थांबे सातावर गेले. दर थांब्याला घरवाले मक्याच्या दारूचे, चिचाचे, घडे मांडू लागले, आणि गावात भक्ती वाढली म्हणून पाद्रीबाबा खूश.

खूश नव्हती ती अनानियासची बायको लिओनील्दे. खोकला तिच्या कानाशी, काळी थुंकी तिच्या धुण्यात. एकदा ती खाणीवर भाकरी घेऊन गेली आणि खाणीच्या तोंडाशी माईच्या कोनाड्यात मेणबत्ती लावायला वाकली, तर माईच्या गळ्यात नवऱ्याचा धुळीचा मास्क. वर्षापूर्वी मिळालेला, आणि अजून दुधासारखा पांढरा.

"हे काय वो?" तिनं जेवायला बाहेर आलेल्या नवऱ्याला विचारलं.

"नवा हाय. खाली नेला तर घाण हुईल."

"आन् फुफ्फुसं? ती काय धुऊन वाळत घालतासा?"

भोवतीचे गडी फिदीफिदी हसले. अनानियासनं गालातला गुळाचा खडा या बाजूचा त्या बाजूला केला. "हे बघ, धूळ गुळाला चिकटती आन् पोटात जाती. माजा बा असंच करायचा."

"बा पंचावन्नाव्या वर्षी खुर्चीत बसल्या बसल्या गेला. आडवं हुता येत नव्हतं त्याला."

दवाखान्यातली नर्सबाई केव्हाची सांगत होती, की धूळ एकदा बसली की निघत नाही, फुफ्फुस दगड होतं. वेळेत बाहेर पडलं तर उरलेलं वाचायची आशा. छातीचा फोटो काढा. पण फोटो वाईट निघाला की खाण सुटणार, आणि खाणवाला नाही त्याच्या खांद्यावर दांडा नाही.

शेवटी त्यानंच पैज मारली. "औंदा एकदाबी न थांबता चढलो तर फोटोचं नाव काढायचं न्हाई. थांबलो, तर तू म्हणशील तवा फोटोला सोगामोसोच्या दवाखान्यात जाऊ."

सोळा तारखेला पालखी झऱ्यावरून सुसाट गेली. झऱ्यापाशी राहणारी एर्मेन्सियाबाई घडा घेऊन ओरडत राहिली, "आवं, आमचा थांबा!" गायही तशीच मागं पडली. पत्र्याच्या छपरापाशी अनानियासचे ओठ जांभळे पडले, आणि माईचा मुकुट डुलायला लागला. पाय उचलेना. तेवढ्यात मागच्या दांड्यावरून मिसाएलची घरघर आली.

"कारभारी... माईला... हे छप्पर... बघायचंय..."

पालखी टेकली. अनानियास गुडघ्यांवर हात ठेवून दम खात म्हणाला, "मी न्हाई थांबलो. मिसाएल थांबला."

लिओनील्देनं त्याच्या हातात चिचाचं भांडं दिलं. "बरं. मग मिसाएल बसू दे हितंच. तुमी उठा आन् चालून दावा."

तो उठला नाही.

सोमवारी फोटो निघाला. डॉक्टरनं उजेडासमोर धरून पांढरे ठिपके दाखवले. "काळ्या कोळशाचे पांढरे ठिपके?" अनानियास म्हणाला. "डागतर, तुमी उलटा धरलाय." डॉक्टरनं फोटो फिरवून दाखवला. ठिपके तेवढेच. वर त्यानं चिठ्ठी लिहिली: धुळीत पुन्हा उतरायचं नाही.

आता अनानियास बटाटे लावतो आणि चढाला बसत बसत जातो. दांडा गेला, पण पालखीपुढं घंटा वाजवायचं काम त्यानं भांडून मिळवलं. औंदा थांबे नऊ झाले. नवव्याला मिसाएल भिंतीला टेकून उभा होता, डोळे पांढरे करून.

"काय रं, आता तुज्या माईला काय बघायचंय?"

"वारं... जरा..."

अनानियासनं घंटा खाली ठेवली. "सोमवारी सोगामोसोला सहाची गाडी हाय. जागा धरून ठिवतो. आन् माजा त्यो मास्क माईच्या गळ्यातनं काढून तू लाव, तिची फुफ्फुसं लाकडाची हायेत."