बेचाळीस टक्के

अकरा वर्षं आमच्या ह्यांनी मला मोटरसायकलवरून शाळेत सोडलं. पुसदहून बंजारा तांड्यावरची माझी शाळा बत्तीस किलोमीटर, बस नाही, ऑटो फाट्यापर्यंतच. मागच्या वर्षी त्यांच्या हृदयात स्प्रिंग बसवली आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता गाडी चालवायची नाही. गिअरची गाडी मला कधी जमली नाही, म्हणून ही इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. चालवायला सोपी, माझ्यासारख्या भित्रीलाही आठवड्यात आली.

कंपनीवाल्यांनी एका चार्जमध्ये शंभर किलोमीटर सांगितले होते. कसले शंभर? आमच्या चढाच्या रस्त्यावर सत्तर मिळाले तरी नशीब, आणि माझं येणं-जाणं चौसष्ट. म्हणजे रोज जीव मुठीत.

शाळेसमोर एक म्हातारी राहते, सगळा तांडा तिला याडी म्हणतो, म्हणजे आई. तिनं पहिल्याच दिवशी ओसरीतला प्लग दाखवला. "बाई, गाडी इथं लावत जा. लाईन हाय." मी नाही म्हटलं. पालकांच्या घरचं काही घ्यायचं नाही, हा माझा नियम. एकदा घेतलं की बाई अशीच आहे म्हणतात. ती म्हणाली, "आमचे वाडवडील बैलावर माल लादून फिरत. कोणाचा बी बैल दाराशी आला, त त्याले पाणी पाजल्याबिगर जाऊ देत नव्हते. ह्या गाडीचं काय येगळं हाय?" मी हसून टाळलं. मोठी मानी ना मी.

रोज शाळा सुटली की ह्यांचा फोन. "किती टक्के?" पन्नासच्या खाली ऐकलं की लगेच, "थांब, मी येतो." म्हणून मी वाढवूनच सांगायची. त्या दिवशी रात्रीची लाईन गेली होती, गाडी पूर्ण भरली नव्हती, तरी तशीच निघाले. संध्याकाळी बेचाळीस होते. मी पंचावन्न सांगितले.

पुसदच्या अलीकडच्या चढावर गाडी बसली. माथा गाठला असता तर उतारानंच गावात पोहोचले असते. फोनला रेंज नाही. साडीचा पदर खोचला आणि ढकलायला लागले. दहा पावलं ढकलायचं, दगड लावायचा, दम घ्यायचा. कंपनीवाल्यांना मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या, त्यातल्या काही मुलांना ऐकवण्यासारख्या नव्हत्या.

मग वरून मोटरसायकलचा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखते.

"काहून आलात तुम्ही?"

"फोन लागून नाही राह्यला. पंचावन्न टक्के म्हने, अन् तासभर झाला तरी पत्ता नाही. घरी बसू का मी?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी स्कूटरच्या मागं हात लावला आणि जोर काढला. चार-पाच पावलं गेले असतील. मग कठड्यावर बसले. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. "दमलो थोडा," म्हणाले. मी त्यांच्या शर्टाची बटणं काढली. "मराचं हाय का तुम्हाले?" असं मी ओरडले. ओरडायला मीच मोकळी, खोटं बोलणारी.

कापसाचे बोरे टाकून परत येणारा एक पिकअप थांबला, ओळखीचाच निघाला, एका विद्यार्थ्याचा बाप. त्यानं स्कूटर वर घेतली, ह्यांना पुढं बसवलं, त्याच्या सोबत्यानं मोटरसायकल आणली. सरळ डॉक्टरकडं गेलो. डॉक्टर म्हणाले, ह्या वेळी निभावलं. मग मला बाजूला घेऊन पुन्हा तेच सांगितलं, ह्या वेळी.

दुसऱ्या दिवशी तांड्यावर पोहोचले तेव्हा याडी दारातच उभी होती. तिला रात्रीच कळलं होतं. तिनं नुसता प्लगकडं हात केला. मी वायर लावली. आता रोज लावते, आणि फोनवर खरे टक्के सांगते.

डॉक्टरकडून परतलो त्या रात्रीच मी मोटरसायकलची किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली होती. त्यांनी पाहिलं. मला वाटलं, आता मोठं भांडण होणार. तयारीतच होते मी. ते दिवा बंद करून आडवे झाले. सकाळी मी निघते तेव्हा ते अंगणात फडक्यानं मोटरसायकल पुसत असतात, अगदी चाकाच्या तारांसकट. किल्ली कुठं आहे हे त्यांना माहीत आहे. अजून एकदाही मागितली नाही. मागितली असती तर दिली नसतीच मी, पण त्यांनी मागावी असं मला रोज वाटतं.