कोरा चौकोन
परवा बिल्डरच्या माणसाने विकलेले प्लॉट काळे केलेला नकाशा हातात दिला आणि मला मुल्लानपूर गावातलं मोहरीच्या वासाचं ते अंगण आठवलं. तिथे राहणाऱ्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हात थरथरायचे. त्यामागचं जनुक गुणसूत्रावर नेमकं कुठे बसलंय ते शोधायला मी त्यांची वंशावळ काढत होते. पुरुषाला चौकोन, आजारी असला तर काळा. शालीत हात गुंडाळून बसलेल्या म्हाताऱ्याने संशयाने विचारलं, “बिल्डर ने भेजा है? ये काले वाले बिक गए?” “नहीं जी, ये बीमार हैं,” मी म्हटलं. त्याने झटकन हात काढून मुलाचा कोरा चौकोन झाकला. तो हात थरथरत होता. आणि म्हातारा आधी ‘मी ठणठणीत’ म्हणाला म्हणून त्याचाही चौकोन मी कोराच ठेवला होता. तेव्हापासून मला संशय येतो तो कोऱ्या चौकोनांचाच.