माळ्यावरचे पांढरे डाग

विभावरीकाकू जर्मनीत, रेगेन्सबर्गमध्ये राहायला आल्या त्याला अकरा वर्षं झाली, पण उन्हाळ्यात कुरडया केल्या नाहीत असं कधी घडलं नाही. चार मजली भाड्याच्या इमारतीत त्या आणि पद्माकरकाका दुसऱ्या मजल्यावर राहतात. सगळ्यात वर, कौलांखाली, मोठा माळा होता. भाडेकरूंनी तिथे कपडे वाळत घालायचे. जूनमध्ये तो भट्टीसारखा तापायचा. दाराशीच पाटी होती: खाद्यपदार्थ ठेवू नयेत. काकू चादर अंथरून सोऱ्याने कुरडया घालायच्या आणि वरच्या दोरीवर एक टॉवेल टाकायच्या. "कुणी विचारलं तर कपडेच वाळतायत!"

अपेक्षाला हे गुपित माहीत होतं. साहित्यात एम.ए. करून ती इथल्या विद्यापीठात आली, तेव्हापासून तिचं रविवारचं जेवण काकूंकडेच. तिला सप्टेंबरअखेर खोली सोडायची होती. चाळीसेक घरांना अर्ज केले, तीन उत्तरं आली, तिन्ही नकाराची. अशात घरमालकीण फ्राऊ श्टाडलर माळ्याचं छोटं घर करणार असल्याचं कळलं. वाळवणाची जागा जाणार होती काकूंची, आणि काकूच अपेक्षाला घेऊन मालकिणीकडे गेल्या. "मुलगी चांगली आहे. जबाबदारी माझी." घर अपेक्षाला मिळायचं ठरलं.

जुलैत काम थांबलं. जुन्या फळ्यांवर पांढरे, खरखरीत डाग सापडले होते. लाकूड खाणारी बुरशी असू शकते, असं तपासनीस म्हणाला. नमुने प्रयोगशाळेत जाणार, उत्तराला दोन महिने. म्हणजे घर डिसेंबरच्या आत होत नाही.

अपेक्षा हे सांगायला आली, तेव्हा काकू भाजी चिरत होत्या. सुरी थांबली.

"केवढे डाग?"

"बशीएवढे. ओळीने आहेत म्हणे."

"अहो," काकू काकांना म्हणाल्या, "चादरीतून चीक झिरपलाय."

"गप्प बस, विभा. नियम मोडला म्हणून आपल्यालाच घर सोडायला लावतील. या वयात दारोदार फिरायचं?"

"आणि माझ्या कुरडयांपायी पोर रस्त्यावर आली तर?"

"काकू, राहू द्या," अपेक्षा म्हणाली. तिला तसं खरंच वाटत होतं, आणि वाटत नव्हतंही.

काकू उठल्या. औषधांच्या डब्यातून आयोडीनची बाटली काढून त्यांनी पर्समध्ये टाकली. साताऱ्याच्या शाळेत त्यांनी वीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं.

सकाळी माळ्यावर फ्राऊ श्टाडलर होती, तपासनीस होता. "आल्झो, तर मग," काकू म्हणाल्या आणि सरळ खाली बसल्या. एका डागावर थेंब टाकला. तपकिरी थेंब बघता बघता निळा-काळा झाला. मग दुसऱ्या डागावर, तिसऱ्यावर.

"ही बुरशी नाही. गहू आहे. मी इथे वाळवत होते. दहा उन्हाळे."

तपासनीसाने बाटली मागून घेतली, स्वतः थेंब टाकला, एक फळी उचकटून खाली पाहिलं. लाकूड कोरडं ठणठणीत होतं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला. "स्टार्च."

"पाटी वाचली होती?" फ्राऊ श्टाडलरने विचारलं.

"दर वर्षी."

"उंदीर?"

"एकही नाही. त्यांना काही उरतच नव्हतं."

फ्राऊ श्टाडलर हसली नाही. दोन दिवसांनी लेखी ताकीद आली, पुन्हा असं झाल्यास वगैरे. घर सोडण्याबद्दल मात्र एक अक्षर नव्हतं. काकांनी पत्र दोनदा वाचलं, फाईलला लावलं आणि चहा मागितला.

एक ऑक्टोबरला अपेक्षा माळ्यावरच्या घरात आली. काकूंचे आभार कसे मानायचे ते तिला अजून सुचलेलं नाही. इतकी वर्षं तिने शब्दच तर शिकले होते.

जून आला. दाराशी आता ती पाटी नव्हती. अपेक्षाने छताच्या खिडकीखालची जमीन लख्ख पुसली, दुसऱ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली.

"काकू, पातेलं मी नेते. तुम्ही सावकाश वर या. चादर अंथरलीये."

"एकच?" काकू म्हणाल्या. "दोन अंथर गं. आता चादरीखाली घर आहे तुझं."