बाळाच्या खोलीतला पिवळा लाइट

ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे, त्यांनी हे वाचाच.

आमची मुलगी आज पाच दिवसांची झाली. ती घरी यायच्या आधी मी बेडरूमची ट्यूबलाइट काढून एलईडी लावलेला. पांढरा उजेड तिच्या डोळ्यांना लागेल म्हणून मुद्दाम पिवळसर, वॉर्म व्हाइट घेतला. दुकानात वॅट बघितले, गॅरंटी बघितली. खोली एकदम हॉटेलसारखी दिसायला लागली. पडदे कायम बंदच.

आज सकाळी मालिशवाल्या मावशी पहिल्यांदा आल्या. खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या, साठीच्या. त्यांनी बाळाला उचललं आणि थेट किचनच्या खिडकीत नेलं. मला रागच आला. म्हटलं, "मावशी, इथे लाइट आहे की!"

त्यांनी बाळाच्या नाकावर बोट हलकेच दाबून सोडलं, तर दाबलेली जागा पिवळी दिसली. म्हणाल्या, "दादा, तुझ्या त्या लाइटीत सगलीच पिवली दिसतान. मंग हिची कावील कशी दिसंल? आधी डॉक्टरकडं ने."

रक्त तपासलं. कावीळ बरीच वाढलेली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. आता ती डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या लाइटखाली झोपली आहे आणि मी बाहेर बसून हे टाइप करतोय.

तुम्ही तुमच्या बाळाला दिवसाच्या उजेडात शेवटचं कधी नीट बघितलंत?

परवा मी याच ग्रुपवर तिचा त्या खोलीतला फोटो टाकलेला. तुम्ही खाली लिहिलंत, "काय ग्लो आहे!" आणि मी प्रत्येकाला थँक यू म्हटलं.