आबांच्या कमरेची चावी

“सरका जरासं, जागा शे!” तळोद्याच्या स्टँडवर तुम्ही कधी डोंगरातल्या जीपमध्ये बसला असाल, तर हा आवाज ऐकला असेलच. आत माणसं, टपावर माणसं, मागे लोंबकळणारी निराळी. तरी जीप चालवणाऱ्या आबांच्या मते जागा शिल्लकच.

आमचा पाडा त्यांच्या रस्त्यावर. आई-बाप ऊसतोडीला गुजरातेत, घरी मी आणि धाकटी भावंडं. आमच्यात कॉलेज कुणी पाहिलेलं नव्हतं. मी लोणखेड्याच्या कॉलेजात शिकायला लागले, तेव्हा आबांनी नियमच केला: ड्रायव्हरशेजारची सीट माझी. कुणी कुरकुरलं की म्हणायचे, “ती शिकी ऱ्हायनी. तू काय करी ऱ्हायना? मांगे सरक!”

मी शिकले. नंदुरबारच्या एका स्कॅन सेंटरमध्ये टेक्निशियन झाले. हे मी अभिमानानंच सांगते.

एक दिवस आबांचा मुलगा त्यांना आमच्या सेंटरवर घेऊन आला. आबा पाय ओढत चालत होते. बाजाराच्या दिवशी डोंगरातली माणसं भरून ते तळोद्याऐवजी थेट लोणखेड्याला गेले होते. कॉलेजच्या फाटकाशी जीप लावून म्हणाले, “उतरा, कॉलेज उनं.” माणसं बिचारी कोंबड्या घेऊन उतरली! सगळं स्टँड हसलं. मुलगा मात्र हसत नव्हता. “म्हातारपण लागलं, ताई. बाप हातचा गेला.”

आबांनी माझ्याकडं पाहिलं. ओळखलं नाही.

“मोठं मशीन लावा, एमआरआय,” मुलाचा हट्ट. डॉक्टरांनी सीटी लिहून दिली होती, कारण आबा मध्यंतरी टपावरून पडले होते.

“दादा, मोठं-लहान असं नसतं,” मी म्हटलं. “एमआरआय बारीक बदल जास्त चांगले दाखवतं. पण त्या धडधडीत बराच वेळ न हलता पडून राहायचं, हे गोंधळलेल्या म्हाताऱ्या माणसाला जड जातं. पडून आत रक्त साचलं असेल, तर सीटीत बहुतेक लगेच दिसतं. नाही उलगडलं, तर डॉक्टर एमआरआय सांगतील.”

आबांचं तिसरंच. जीपची चावी चांदीच्या करदोड्याला बांधलेली. मशीनमध्ये धातू चालत नाही, हे मुलानं कुठंतरी ऐकलेलं. तो गाठ सोडायला गेला, तशी आबांनी कंबर घट्ट धरली. “चावी दिधी का जीप गई!”

“आबा, ते एमआरआयला. इथं फक्त डोकं बघायचंय. राहू द्या कमरेला.”

मग आडवे झाले. वर पाहून म्हणाले, “इतली मोठी गाडी, नि शीट एकच?”

“आबा, चांदसैलीचा घाट आला. हलायचं नाही.”

दगडासारखे पडून राहिले.

कवटीखाली एका बाजूला जुनं रक्त साचून मेंदू ढकलला गेला होता. डॉक्टर म्हणाले, “हे नुसतं वय नाही. हे काढता येतं.” मुलगा म्हणाला, “मग काढा, साहेब. आजच काढा.”

ऑपरेशनला जाताना आबांनी चावी मुलाच्या हातात ठेवली. “धर. चालवू नको.”

आबा बरे झाले. पुढं मुलगाच जीप चालवू लागला, आबा स्टँडवर उभं राहून सवाऱ्या भरायचे. मधली काही वर्षं अशीच मजेत गेली. गेल्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. तोवर स्टँडवर येणाऱ्या प्रत्येकाला ते त्याच्या आणि त्याच्या पाड्याच्या नावानं हाक मारत होते, आणि एकही नाव चुकत नव्हतं.