जोडीतली दुसरी बाटली

बाईंचं शिक्षण ऐकून लोक दबून जात आणि काम ऐकलं की हसत. दर मंगळवारी डोंगरावर जायचं, हवा भरून आणायची आणि तिच्यात कार्बन डायऑक्साइड किती वाढला ते मोजायचं. "बायको हवा भरते, सायकलच्या दुकानात नाही एवढंच," असं नवरा पाहुण्यांना सांगायचा. बाईंची अख्खी नोकरी यातच गेली. आकडा दरवर्षी वर सरकत राहिला आणि साहेब लोक बैठका घेत राहिले.

कामातली खरी मेख एकच. काचेच्या निर्वात बाटलीची तोटी उघडताना वाऱ्याकडे तोंड करून श्वास रोखायचा, नाहीतर आपलाच श्वास आत शिरतो आणि आकडा फुगतो. म्हणून बाटल्या जोडीनं भरायच्या. दोन्ही बाटल्यांचे आकडे जुळले नाहीत तर नमुना बाद. बाईंनी कित्येक शिकाऊंचे नमुने असे बाद केले होते. स्वतःचा एकही कधी गेला नव्हता. मुलगी तर लहानपणी घरातल्या बरण्या घेऊन, गाल फुगवून हाच खेळ खेळायची.

नवरा गेला सोमवारी. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. मंगळवारी सकाळी बाई बूट घालायला बसल्या, तशी मुलगी दारात आडवी आली.

"आज नाही गेलीस तर हवा पळून जाणार आहे का?"

"खाडा पडेल," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

मुलीनं बोलणं टाकलं आणि ती आपल्या घरी निघून गेली. बाईंना त्याचंही काही वाटेना. झोप लागत होती, जेवण जात होतं, डोळ्यांत टिपूस नव्हता. आपण माणूस आहोत की दगड, असं त्या स्वतःला विचारत आणि भांडी घासायला घेत.

पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेतला सहकारी खुर्ची ओढून शेजारी बसला. त्या मंगळवारची जोडी जुळत नाही म्हणाला. पहिली बाटली ठीक, दुसरीचा आकडा भलताच वर. यंत्र तपासलं, तोटी तपासली. मग तो जरा घुटमळला.

"मॅडम, श्वास गेलाय आत."

बाईंनी यंत्राच्या पडद्यावरचे दोन्ही आकडे पुन्हा वाचले. पहिली बाटली भरलेली त्यांना आठवत होती. दुसरीचं काहीच आठवेना. म्हणजे तिथे, वाऱ्यात उभ्या राहून, त्या रडल्या होत्या.

"या वेळी राहू द्यायची का?" त्यानं विचारलं.

"बाद करा."

बाहेर येऊन त्यांनी मुलीला फोन लावला. तिनं उचलला.

"त्या दिवशीचा नमुना बाद झाला," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या बाटलीत श्वास गेला होता."



"आई," मुलगी म्हणाली, "आहेस तिथेच थांब. मी येते."